कॅलिफोर्नियात जजच्या वागण्याविरुद्ध तक्रार: कमिशन खरंच काही करतं का, आणि त्यांना पैसा कोण देतं?

जुईचा_वेल:
नमस्कार मंडळी. बहिणीची कस्टडीची केस इथे बे एरियातल्या एका काउंटी कोर्टात चालू आहे. तिला इंग्रजी समजतं पण कोर्टात उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभच वळत नाही, म्हणून मराठी दुभाषी मागितला होता. तो फोनवरून होता, आणि तिचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच जज म्हणाले, इतकी वर्षं या देशात राहून अजून दुभाषी लागतो? मग दुभाष्याला मध्येच थांबवून सगळं वकिलालाच विचारत बसले. ऑर्डर विरोधात गेली ते एक वेळ बाजूला ठेवू, पण पुढच्या तारखेला मी तोंडच उघडणार नाही असं ती म्हणतेय आणि ते मला बघवत नाहीये. सॅन फ्रान्सिस्कोत कमिशन ऑन ज्युडिशियल परफॉर्मन्स, म्हणजे जजांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी राज्याची संस्था, आहे तिथे तक्रार करता येते म्हणे. ते ऑर्डर बदलतात का? आणि ही जजांचीच माणसं नाहीत ना, म्हणजे त्यांचा पगार कोर्टाकडूनच येतो का?

फाइलींचा_गठ्ठा:
ताई, मी इथे फॅमिली लॉ ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, म्हणून काम आहे माझं. आधी महत्त्वाचं, कमिशन ऑर्डर बदलत नाही. त्यासाठी अपील, आणि त्याची मुदत साधारणपणे ऑर्डरची नोटीस मिळाल्यापासून 60 दिवस, तेव्हा आजच वकिलाला फोन करा. तक्रार केली म्हणून तो जज आपोआप केसवरून बाजूला होतो असंही नाही.

कमिशन फक्त वागणूक बघतं. दरवर्षी हजारावर तक्रारी येतात आणि बहुतेक सुरुवातीलाच बंद होतात, कारण लोक पानंच्या पानं लिहितात पण सगळं निकाल कसा चुकला यावरच. सांता क्लारा काउंटीतले जज पर्स्की आठवतात का, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये फक्त 6 महिन्यांची शिक्षा दिली म्हणून हजारोंनी तक्रारी केल्या, तरी 2016 च्या डिसेंबरात कमिशनने गैरवर्तन नाही म्हणूनच सांगितलं. शेवटी 2018 मध्ये मतदारांनी मतदान करून त्यांना खाली उतरवलं. उलट 2020 मध्ये अपील कोर्टाचे जस्टिस जेफ्री जॉन्सन यांना महिलांशी केलेल्या गैरवर्तनावरून याच कमिशनने पदावरून काढलं, कारण तिथे मुद्दा वागण्याचा होता. तुमच्या बहिणीचाही वागण्याचाच आहे.

तेव्हा निकालाबद्दल एक ओळही लिहू नका. तारीख, डिपार्टमेंट (कोर्टरूम) नंबर, जज नेमके कोणत्या शब्दांत बोलले, दुभाष्याला कुठे थांबवलं, खोलीत कोण कोण होतं, एवढंच. आणि त्या दिवशी कोर्ट रिपोर्टर, म्हणजे कोर्टातलं बोलणं शब्दशः लिहून घेणारा, होता का ते बघा. फॅमिली कोर्टात रिपोर्टरचा इतका तुटवडा आहे की बऱ्याच सुनावण्यांचं ट्रान्सक्रिप्टच नसतं, मग सगळा भार साक्षीदारांवर येतो.

पैशाचं: कमिशनचं बजेट कोर्टांच्या बजेटपासून वेगळं, राज्याच्या जनरल फंडातून येतं, म्हणजे आपल्या टॅक्समधून. वकिलांवर लक्ष ठेवणारा स्टेट बार वकिलांच्या फीवर चालतो, तसं इथे नाही. 11 सदस्य, त्यात 3 जज, 2 वकील आणि 6 सामान्य नागरिक. 1994 च्या प्रपोझिशन 190 (मतदारांनी मंजूर केलेला प्रस्ताव) नंतर बहुमत नागरिकांचं झालं.

कोथरूड_ते_कूपर्टिनो:
वरचं बरोबर आहे पण 2019 चा स्टेट ऑडिटरचा रिपोर्ट सांगायचा राहिला. हे कमिशन म्हणजे 1960 मध्ये स्थापन झालेली, देशातली या प्रकारची पहिली संस्था, आणि 2016 मध्ये विधिमंडळाने ऑडिट करा म्हटल्यावर ती ऑडिटरवरच कोर्टात गेली, गोपनीय फाइली दाखवणार नाही म्हणून! ऑडिट शेवटी झालं, त्यात निघालं की काही प्रकरणांत तपास अर्धवट होता, आणि एकाच जजविरुद्ध पुन्हापुन्हा तशाच तक्रारी येतायत का हे नीट पाहिलं जात नव्हतं. माझ्या मते हेच सगळ्यात वाईट, कारण असलं बोलणं कोणी एकदाच बोलत नाही. ऑनलाइन तक्रार घ्यायची सोयही तेव्हा नव्हती. केस मॅनेजमेंटची संगणक व्यवस्था सुधारायला ऑडिटरने एकदाच 4,19,000 डॉलर द्यायला सुचवलं होतं. कॅलिफोर्नियाच्या बजेटमध्ये ही रक्कम म्हणजे काहीच नाही हो, आणि एवढ्यासाठी जुन्या तक्रारींशी पडताळणी अडत असेल तर चीड येते. शिवाय तपास करणारे आणि शिक्षा ठरवणारे तेच सदस्य, ते वेगळे करा असंही सुचवलं होतं.

फाइलींचा_गठ्ठा:
दादा, ऑडिट मान्य, पण म्हणून तक्रारच करू नये असं कोणाला वाटायला नको. रेकॉर्डवर तक्रारच नसेल तर जुळवून काय बघणार ते?

हडसनकाठ:
न्यूयॉर्कमध्येही 11 जणांचंच कमिशन आहे पण इथे त्यांच्या कक्षेत गावोगावचे टाउन आणि व्हिलेज जस्टिससुद्धा येतात, ज्यातले कित्येक वकीलही नसतात, त्यामुळे काम अफाट. पैसे मात्र गव्हर्नर आणि विधिमंडळ ठरवतील तेवढेच, दर वर्षी त्यांच्यापुढे जाऊन मागावे लागतात. इथे जजने मध्येच राजीनामा दिला तरी कमिशनला 120 दिवस मिळतात, तेवढ्यात पदावरून काढल्याचा निर्णय झाला तर परत कधी जज होता येत नाही. म्हणून तर म्हणतो, तपास करणारी माणसं कमी पडली तर ते 120 दिवस कुठे जातात कळतही नाही.

जुईचा_वेल:
खूप आभार सगळ्यांचे. वकिलाला मेसेज टाकला, अपीलचं उद्या बोलतोय. रिपोर्टर नव्हता त्या दिवशी. मग दुभाष्याचं नाव साक्षीदार म्हणून द्यायचं का, त्याच्या कामावर गदा यायला नको. आणि जजला लगेच कळतं का कोणी तक्रार केली ते?

फाइलींचा_गठ्ठा:
नाव द्या, त्याने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि विचारायचं की नाही ते कमिशन ठरवेल. कमिशनचं कामकाज गोपनीय असतं, सुरुवातीलाच बंद झालेल्या तक्रारी जजपर्यंत पोचतही नाहीत. तपास पुढे गेला तर मात्र जजकडून उत्तर मागवतात, आणि घटना वाचून कोण ते त्याला ओळखता येऊ शकतं, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा. केस चालू असताना पाठवायची की नंतर, हे वकिलाशी बोलूनच ठरवा, पण लिहून मात्र आजच काढा. शब्द फार लवकर विसरायला होतात.