मदत हवी आहे: नवऱ्याचं कोलेस्टेरॉल आणि शुगर दोन्ही वाढलंय, गोळीऐवजी खाण्यातून कितपत खाली येईल?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याचं वय ४६. चेकअपचे रिपोर्ट असे आलेत: उपाशीपोटी शुगर ११४, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.३, टोटल कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) १९०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. पोट सुटलंय, बीपीची एक गोळी आधीपासून चालू आहे, सिगरेट नाही. डॉक्टर म्हणाले शुगर अजून उंबरठ्यावर आहे, डायबेटिस एचबीए१सी ६.५ पासून धरतात, पण कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन (ते उतरवणारी गोळी) सुरू करूया. तर आमचे हे लगेच, मला तीन महिने द्या, खाण्यातून खाली आणून दाखवतो. कारण काय, तर गोळी एकदा मागे लागली की जन्माची. (बीपीची रोज घेतो त्याचं काय, असं विचारलं तर म्हणे ती वेगळी.) डॉक्टरांनी बरं म्हटलं, पण फारसं मनापासून नाही.

आता खरी पंचाईत. याने कुठले कुठले व्हिडिओ बघून भात, ब्रेड, बटाटा, फळं सगळं बंद केलं आणि त्या जागी लोणी, चीज, अंडी, आणि सकाळी कॉफीत चमचाभर खोबरेल तेल. घरच्या मशीनवर शुगर खरंच कमी दिसायला लागलीय, वजनही थोडं उतरलंय, त्यामुळे साहेब हवेत. पण कोलेस्टेरॉलचं काय? शुगरसाठी धान्य कमी करा आणि कोलेस्टेरॉलसाठी तूप-लोणी कमी करा, मग माणसाने खायचं काय, हा त्याचा प्रश्न आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही उत्तर नाहीये. तर विचारायचं असं की दोन्हीला एकदम चालेल असं खाणं कसं असतं, आणि कुठल्या आकड्याला आता हट्ट पुरे म्हणायचं? बिया उकळून पाणी प्या टाईप उपाय कृपया नकोत, ते नातेवाईकांनी भरपूर सांगून झालेत.

प्रतिसाद १:

ताई, मी डाएटिशियन आहे, रिपोर्ट वाचून लिहितेय पण माणूस समोर नाही हे लक्षात ठेवूनच वाचा.

आधी शुगरचं, कारण तिथे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे. या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, २००२ साली छापून आली, तीन हजारांच्या वर माणसं. वजन सुमारे ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम हे ध्येय दिलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीच्या गटात ३१. म्हणजे इथे खाणं आणि चालणं गोळीच्या पुढे गेलं. तुम्हाला शुगर उतरताना दिसतेय त्यात उतरलेल्या वजनाचाही वाटा आहे, सगळं श्रेय भात सोडण्याला देऊ नका.

एलडीएलची गोष्ट वेगळी. ते खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटने जास्त वाढतं, कारण रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे लिव्हरवरचे रिसेप्टर त्याने कमी होतात. म्हणून अंड्यापेक्षा मला ते लोणी, चीज आणि खोबरेल तेल जास्त खटकतंय. भात कमी केला याला माझी हरकतच नाही, हरकत आहे त्याच्या जागी ताटात काय आलं याला. तिथे कडधान्यं, डाळी, सोया, बदाम-अक्रोड, मासे चालत असतील तर मासे, आणि भाज्या भरपूर आणा, शुगर तशीच राहील आणि एलडीएलही खाली यायला लागेल. फळं बंद करायचं कारण नाही, ज्यूस मात्र बंद. ओट्स आणि बार्लीत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा फायबर असतो, दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. पण ती मात्रा गाठायला ओट्स वाटीभर लागतात, चमचाभर टाकून भागत नाही. इसबगोलही तसंच काम करतं.

आता मर्यादा. टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या टीमने २००३ मध्ये असे सगळे पदार्थ एकत्र करून बघितले होते, चिकट फायबर, सोया, बदाम, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ). जेवण सगळं ठरवून दिलेलं, आणि महिनाभरात एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, जवळपास लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनएवढं. पण नंतर लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडलं तेव्हा तेच १३-१४ टक्क्यांवर आलं. तुमच्या १६८ वर १३ टक्के म्हणजे १४६. चांगलंच आहे की, पण बीपी, एचडीएल ४२ आणि ही शुगर जोडीला असताना डॉक्टर तेवढ्यावर समाधानी होतील असं मला वाटत नाही. आणि एलडीएल कधी १९० च्या वर गेलं तर आहारावर थांबायचं नाही, किंवा शुगर डायबेटिसमध्ये गेली तर चाळिशीनंतर स्टॅटिन बहुतेक वेळा देतातच, हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

प्रतिसाद २:

वरच्या ताईंनी छान लिहिलंय, माझे दोन आणे. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, गणित करून काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग. तुमचं करून बघा, २४८ वजा ४२ वजा ३८, बरोब्बर १६८. आता धान्य-साखर कमी केल्यावर ट्रायग्लिसराईड सगळ्यात आधी धाडकन उतरतं, मग टोटल तेवढंच राहिलं तरी या गणितात एलडीएल वाढलेलं दिसतं आणि घरात भांडण. म्हणून टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करून आत्ताचे २०६ लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तेही ताडून बघा.

आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं का? थायरॉईड मंद असेल तरी एलडीएल वाढतं, मग ओट्स खाऊन काय उपयोग. रक्त कमी आहे का तेही बघा, लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी उगाच वाढलेलं दिसू शकतं. कॉफी न गाळता उकळून पीत असतील तर कागदी फिल्टर वापरा, न गाळलेल्या कॉफीतल्या तेलानेही एलडीएल चढतं. नैसर्गिक म्हणून लाल यीस्ट राईसच्या कॅप्सूल मागवल्या तर त्यांना सांगा की त्यातला मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त मात्रेचा भरवसा नाही.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार! टीएसएच केलेलंच नाही, या आठवड्यात करून घेते. खोबरेल तेलाची बाटली उचलून ठेवलीय, चीजवरून अजून वाटाघाटी चालू आहेत. प्रतिसाद १ त्याला वाचून दाखवला तर ५८ टक्क्यांवर टाळ्या वाजवल्या आणि १४६ वर म्हणे मी त्या २८ टक्केवाल्यांतला. बरं. रिपोर्ट तीन महिन्यांनीच करायचा ना, मध्ये नको?

एकच विचारायचं राहिलं, इसबगोल रात्री देणार आहे आणि बीपीची गोळीही तो रात्रीच घेतो, चालेल का?

प्रतिसाद १:

एकत्र नको, इसबगोल गोळीला धरून ठेवू शकतं. दोन तासांचं अंतर ठेवा आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर द्या, कोरडं घशात अडकतं. सोपं म्हणजे ते दुपारच्या जेवणाआधी द्या, गोळीची वेळ डॉक्टरांना न विचारता हलवू नका. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो, त्यामुळे तो तीन महिन्यांनीच करा. कोलेस्टेरॉल सहा-आठ आठवड्यांत बघितलं तरी चालेल, आणि तुमच्याकडे चीजचा वाद चालू आहे म्हटल्यावर मी तर लवकरच करून घेईन.