आबाजींना मंडईच्या नाटकाला न्यायचं की घरीच ठेवायचं?

बांधीवरून:
आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. भाऊबीज झाली की एकेका गावची मंडई, म्हणजे जत्रा, लागते. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, आणि बाजार; रात्री वडसा गावच्या एखाद्या नाटक मंडळाचं नाटक. आमचे आबाजी ८१ वर्षांचे. तरुणपणी दंडारीत साडी नेसून नाचलेला माणूस. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरातलं ते कात्रण त्यांनी कितीतरी दिवस उशीखाली ठेवलं होतं.

मागच्या मंडईला सगळं घर नाटकाला गेलं. थंडी आहे म्हणून आबाजींना टीव्ही लावून दिला आणि दार लोटून घेतलं. रात्री एकच्या सुमारास मी ब्लँकेट न्यायला घरी आलो तर ते अंगणात खाटेवर बसलेले, कानटोपी घालून. टीव्ही बंद. शामियान्यातून पेटीचे सूर येत होते आणि त्यांची बोटं खाटेच्या माच्यावर ठेका धरत होती. मला म्हणाले, "मले कायले नाही नेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हाताऱ्या माणसाला सणात जपायचं म्हणजे घरी बसवायचं, हे मला आता पटत नाही. यंदा मी त्यांना नेणार. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतोय.

गोंदियाची सून:
नेऊ नका. राग येईल, पण बोलते. आमच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी असंच हौसेनं नेलं होतं. मध्यंतरात लघवीला उठल्या, अंधारात शामियान्याच्या दोरीत पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चार महिने अंथरुणावर होत्या. नाटक दाखवणारे पोरं आठव्या दिवशी पुण्याला गेले. भांडं मी धरलं, कूस मी बदलली, पाठीला पावडर मी लावली. त्या दिवसांत लवकर येणारा हलका धान घरात येऊन पडला होता, उशिराचा भारी धान बांधीत, म्हणजे शेतात, उभा होता, आणि माझा एक पाय घरात तर एक शेतात. नेणारा वेगळा आणि निस्तरणारी वेगळी असते, याचा विचार या चर्चेत कोणी करतच नाही.

साकोलीकर:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण अपघात अंधारानं आणि दोरीनं झाला, नाटकानं नाही. आम्ही वडिलांना दरवर्षी नेतो. खाली तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) बसवत नाही, घरून खुर्ची नेतो आणि ती कडेच्या वाटेजवळ ठेवतो, म्हणजे उठताना कोणाला ओलांडावं लागत नाही. टॉर्च त्यांच्याच हातात. शुगरची गोळी आणि जेवण नेहमीच्या वेळेला, मंडईतली जिलेबी त्यानंतर एखादं वेढं. पहिले दोन अंक झाले की मोटारसायकलवर नाही, ऑटोत बसवून घरी.

गोंदियाची सून:
दोन अंकांनंतर नाटक सोडून घरी येणारा पोरगा मी अजून पाहिला नाही. तुमच्या घरी असेल तर चांगलंच आहे.

पवनीचा मधला:
मला दोन्ही बाजू थोड्या चुकल्यासारख्या वाटतात. आबाजींना नाटकच पाहिजे की माणसं पाहिजेत? मंडई म्हणजे मूळ पाहुण्यांचा सण. आमची आई ७८ ची, तिची बहीण ७६ ची. दोघी वीस कोसांवर, पण तीन वर्षं भेट नाही, कारण "आता कुठं दगदग करता" असं दोन्ही घरचे म्हणत. मागच्या मंडईला मी स्वतः जाऊन मावशीला एसटीनं घेऊन आलो. ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, तिकिटाचा प्रश्नच नव्हता. दोघी दिवसा अर्धा तास दंडार पाहून आल्या, बाकीचा वेळ ओसरीवर बसून मुर्रा (चुरमुरे) खात बोलत होत्या. रात्री नाटकाला चला म्हटलं तर आई म्हणाली, "तुम्ही जा बाप्पा, आमचं बोलणं राह्यलं आहे."

बांधीवरून:
मधल्याचं वाचून आज सकाळी आबाजींना सरळ विचारलं. खरं सांगतो, आजवर आम्ही आपसातच भांडत होतो, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंडळ कोणतं येऊन रायलं?" मी नाव सांगितलं. तर म्हणे, त्यांच्या जोडीला दंडारीत नाचणारा एक गडी शेजारच्या गावात अजून आहे, त्यालाही आणशील का? दोघांना मिळून नांदी ऐकायची आहे, पुढचं जमेल तेवढं. दुपारी चष्म्याची काडी बांधून आणायला मला दुकानात पाठवलं.

तर दोघांना नेतोय. नऊला जाऊ, बाराला परत. परत आणायचं काम माझं, तो अंक मी सोडणार.

गोंदियाची सून:
माझं मत तेच आहे. पण नेतच असाल तर हात असलेली लाकडी खुर्ची न्या, प्लॅस्टिकची हलकी उठताना मागं सरकते. आणि त्या रात्री घरी आल्यावर त्यांच्याजवळ कोण झोपणार, ते आजच ठरवा. बायकोच्या भरवशावर सोडू नका.