अनुभव धागा : कॉफीच्या टेबलाशेजारी टांगलेलं चित्र

डिसेंबरात मालवणात आम्ही नऊ जणांनी एका कॉफी शॉपमध्ये चित्रं लावली होती, शुक्रवार ते रविवार. कौतुक झालं, फोटो निघाले, ते सगळं बघून झालंय. मला हवंय ते सामान आवरताना आपण एकमेकांशी जे बोललो ते. ज्यांनी मांडली, ज्यांनी बघितली, जे नुसते कॉफी पिऊन गेले, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मीच करतो.

दुकान म्हणजे जुनं जांभ्याचं घर, आतून गिलावा नाही. जांभ्यात खिळा ठोकला की लाल भुगा पडतो आणि खिळा परत हातात. गुरुवारी रात्री तीन खिळे असे वाया गेल्यावर वाशांवरून नायलॉनची दोरी सोडली. आमच्यातल्या एकाच्या वडलांनी होडी बांधायची गाठ मारून दिली, ती रविवारी सुटता सुटेना. दुसरी भानगड ओलीची. फ्रेम भिंतीला चिकटली की दगडाची ओल मागच्या पुठ्ठ्यात उतरते. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचा तुकडा चिकटवला, तेवढ्या फटीतून वारा खेळतो. एवढी बुचं एका रात्रीत कुठून जमली ते विचारू नका. पंखा लावला की सगळं प्रदर्शन डोलायचं. शेवटी पंखा बंद, आणि गिऱ्हाइकं घामाघूम.

दापोलीची जलरंगवाली :
पावसाळ्यात जलरंग करणाऱ्यांना माझं दुःख कळेल. पाण्याचा एक हात मारला की तासभर कागद ओलाच. घाईने थप्पीत ठेवला की बुरशी. माझ्या खाडीच्या चित्रात आकाशात असे सात-आठ तपकिरी ठिपके आलेत. दुसरं चित्र नव्हतं म्हणून तेच लावलं. शनिवारी मुंबईच्या एक बाई दहा मिनिटं त्याच्यासमोरच्या टेबलावर बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "लांबचे पक्षी काय सुंदर काढलेत!" मी थँक्यू म्हटलं. इथे कबूल करते.

सावंतवाडीहून, गंजिफावाला :
दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, पूर्ण डाव १२० पानांचा, दहा अवतार गुणिले बारा. एवढी गोल पानं दोरीला कशी टांगणार? मी मत्स्यावताराची बारा पानं टेबलावर मांडली, शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी. पण कॉफी शॉपमधलं टेबल ते टेबलच. मी चहा शोधायला बाहेर गेलो (तिथे साधा चहा मिळत नाही, ही माझी तक्रार नोंदवून घ्या), परत आलो तर एका मुलाने राजाच्या पानावर कॅपुचिनोचा कप ठेवलेला. गोलावर गोल, बरोबर बसला होता म्हणा. कप उचलला, खाली तपकिरी कडं. माझ्या पोटात गोळा. पण वर लाखेचा हात दिलेला होता, ओल्या फडक्याने पुसलं तर सगळं निघून गेलं. तो मुलगा इतका ओशाळला की त्याने तासभर बसून डाव कसा खेळतात ते शिकून घेतलं. पान नाही घेतलं. चालायचंच.

देवगडवाला (रापणीचं मोठं चित्र माझं) :
सगळ्यांनी मला सांगितलं होतं, सिंधुदुर्ग किल्ला काढ, पर्यटक घेतात. काढला नाही. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं काढली, चार फूट बाय अडीच, अ‍ॅक्रिलिक. वीस माणसं, मागे रेललेली, पायाखाली वाळू खचलेली. पाठींवर मी महिनाभर काम केलंय.

रविवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले, लुंगी, खांद्यावर पंचा. दुकानात मासळी द्यायला आले होते असं मागाहून कळलं. चित्रासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता पाठींबद्दल बोलतील. म्हणाले, "दुसरो दोर खंय आसा?"

मी गप्प.

रापणीचा एक दोर किनाऱ्यावर राहतो, होडी जाळं सोडत वळसा घालते आणि दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला लावते. मग दोन्हीकडून ओढायचं, दोन्ही घोळके हळूहळू जवळ येतात. हे मी लहानपणापासून बघतोय हो! पण चित्र चांगलं बसावं म्हणून एकच रांग घेतली. "एकाच दोरान ओढलास तर मासळी रवतली काय?" असं म्हणून ते गेले. गॅलरीत हे मला कोणी विचारलं नसतं. तिथे 'रचना' म्हणाले असते.

मुंबईहून परत गावी आलेला एक :
वरच्याशी पूर्ण सहमत नाही, गॅलरीतही जाणकार येतात. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची, आणि तिच्या पोटातच समोवार नावाचं कॅफे होतं, १९६४ ते २०१५. तिथे एका कॉफीवर दुपार काढणारे चित्रकार आणि चुकून शिरलेले लोक एकाच बाकावर असायचे. तेव्हा आपण काही नवीन केलेलं नाही. हिशेब सांगतो : माझं एकही विकलं गेलं नाही आणि तीन दिवसांत कॉफीचं बिल १,१४० रुपये.

एक आई, कुडाळ :
मुलगा एलिमेंटरीला बसलाय. क्लासात स्मरणचित्रात समुद्र म्हणजे आडवी रेघ आणि तीन होड्या असं घोटून घेतलंय. तिथल्या एका चित्रात समुद्र जवळजवळ काळा होता. घरी आल्यावर काळी बाटली संपवली त्याने. क्लासच्या सरांना अजून दाखवलेलं नाही.

काउंटरवाली :
मी कलाकार नाही, बिलं करते. विकलेल्या चित्राला लाल ठिपका लावायचा म्हणे, ठिपके आणायला सगळेच विसरले. मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं. पाचच लागल्या. त्यातली एक खड्याची होती, ती बघून त्या चित्राला एवढा मान का म्हणून तिघांनी विचारलं.

आमच्याकडे रोज अकराला एक आजोबा येतात, ब्लॅक कॉफी, खिडकीकडे तोंड. त्या तीन दिवसांत ते एक शब्द बोलले नाहीत, किंमत नाही, नाव नाही, काही विचारलं नाही. सोमवारी दोऱ्या निघाल्या होत्या. ते आले, बसले, मग उठून खुर्ची उलटी फिरवली, पुन्हा खिडकीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्ची शुक्रवारपासून भिंतीकडे वळलेली होती.