पहिलीच गाडी, ती पण उघड्या टपाची?

डिचोलीकर: मुंबईतली २०११ ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेडफोर बघून ठेवलीय, छप्पर बटणावर उघडतं, आई म्हणते वेड लागलंय. आपल्या पावसात टिकेल काय?

म्हापसेकर: त्या मॉडेलचं छप्पर धातूचं, दुमडून डिकीत जातं, त्यामुळे कापडी टपापेक्षा बरं. पण रबर बीडिंग (छपराच्या फटी बंद करणारी पट्टी) वाळली असली तर पाणी सीटवर आणि जुलैत आत बुरशी रे बाबा! पाइपने पाणी मारून बघ, छप्पर पाच-सहा वेळा उघडबंद कर, हायड्रोलिकचं तेल गळत नाही ना बघ.

पेडणेकर: टायर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून स्टेपनी नाही. एनओसी (मुंबईच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि गोव्याचा रोड टॅक्स पण धर हिशोबात.

डिचोलीकर: दोनच सीट आहेत हे आईला अजून सांगितलं नाही 😅