कोरोनाची टेस्ट न होता घरात काढलेले दिवस: अनुभव लिहा

काल कपाट आवरताना ऑक्सिमीटर सापडला, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा तो. सेल गळून हिरवे झालेत. आमच्याकडे २०२१च्या एप्रिलमध्ये चौघांना ताप होता आणि टेस्ट झाली एकाचीच. बाकीचे तिघे सरकारदरबारी कधी आजारी पडलेच नाहीत. असं बऱ्याच घरांत झालं असणार. टेस्ट मिळाली नाही, उशिरा मिळाली किंवा भीतीने केलीच नाही, आणि दार लावून दिवस काढले, त्यांनी लिहा. काढे आणि राजकारण नको. त्यावर भांडून झालंय.

•

लंडन, मार्च २०२०. १२ तारखेला इथे जाहीर झालं की सौम्य लक्षणं असतील तर टेस्ट नाही. ताप किंवा नवा खोकला असेल तर सात दिवस घरी बसा. १४ला नवऱ्याला ताप. हेल्पलाइनवर पाऊण तास ताटकळल्यावर उत्तर मिळालं, "घरीच थांबा, श्वास लागला तर परत फोन करा." १६ला नियम बदलला: एकाला लक्षणं असतील तर सगळं घर चौदा दिवस आत. आमचं सगळं घर म्हणजे एक बेडरूम आणि एक सोफा. सोफा माझ्या वाट्याला.

पाचव्या-सहाव्या दिवशी आमटीला फोडणी घातली आणि हिंगाचा वासच येईना. वाटलं, हिंग जुना झाला. नवी डबी फोडली, नाकाशी धरली. काहीच नाही. मग लसूण, मग व्हिक्स. ओट्यापाशी उभी राहून एकेक डबा हुंगत होते वेड्यासारखी. वास जाणं हे इथल्या लक्षणांच्या यादीत १८ मेला आलं, तोवर आमचं सगळं उरकलं होतं.

आईला नाशिकला काही कळवलं नाही. व्हिडिओ कॉलवर जावई कायम 'मीटिंगमध्ये'. शेवटी ती म्हणाली, "अगं, जेवतो तरी कधी तो?"

•

वरच्या ताईंच्याच आठवड्यात मी अमेरिकेहून मुंबईत उतरलो. तेव्हा लक्षणं असतील तरच टेस्ट, नाहीतर डाव्या हातावर शिक्का आणि चौदा दिवस घरी. शिक्क्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'प्राउड टू प्रोटेक्ट मुंबईकर्स'. मी कोथरूडचा! तो शिक्का घेऊन चौदा दिवस पुण्यात बसलो, याहून मोठी शिक्षा नाही.

सोसायटीने दूधवाल्याला परस्पर 'तिकडे जाऊ नका' सांगितलं. ज्या काकूंशी पार्किंगवरून बोलणं बंद होतं, त्या मात्र रोज दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायच्या. बेल वाजवायच्या नाहीत. पिशवीत दूध, कधी कोथिंबीर.

•

डोंबिवली, एप्रिल २०२१. टेस्टचा दर तोवर लॅबमध्ये ५०० रुपयांवर आला होता, पण नाका-घशातला स्वॅब घ्यायला माणूस मिळेना. तो आला तिसऱ्या दिवशी. आमचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्टसाठी थांबू नका, छातीचा सीटी स्कॅन काढा. फुप्फुसांत किती पसरलंय त्याचा स्कोअर २५ पैकी ९. औषधं त्यावरच सुरू केली.

बाबांना आतली खोली दिली. दिवसातून तीनदा सहा मिनिटं चालायचं आणि मग ऑक्सिजन मोजायचा. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग वजा करता चार पावलं उरतात. चार पावलं, वळण, चार पावलं. मी दाराबाहेर मोबाइलवर वेळ लावून बसायचे आणि त्यांच्या स्लिपरचा आवाज ऐकायचे. आवाज थांबला की माझ्या पोटात गोळा. ते आतून आकडा ओरडायचे, मी वहीत लिहायचे. ९५. ९४. एका रात्री ९६ ओरडले, मला खरं वाटेना. दार किलकिलं करून पाहिलं तर ९२. मला झोप लागावी म्हणून खोटं बोलले होते! त्या रात्री पालथं झोपवलं, पहाटे ९५ वर आले. दाखल करावं लागलं नाही, नशीब.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. स्वॅबमध्ये चुकतं असं, डॉक्टर म्हणाले. पण ऑफिसला रजेसाठी हाच कागद हवा होता. अर्थातच उपयोग झाला नाही.

•

मी सातारा जिल्ह्यात आशा सेविका आहे, घरोघरी जाऊन आरोग्याचं काम बघते. तुमच्याकडं आतली खोली तरी होती. आमच्या वाडीत एका घरात सात माणसं, न्हाणी एक. २०२१च्या मेअखेर घरातलं विलगीकरण बंद झालं १८ जिल्ह्यांत, त्यात आमचाबी. पॉझिटिव्ह निघालं की कोविड सेंटरला जायचं. कारण बरोबरच होतं, घरात राहून सगळं घर आजारी पडत होतं. पण लोक टेस्टलाच येईनात. दारात गेलं की म्हणायचे, "ताप न्हाई बाई, उन्हातनं आलोय." अंगावर गोधडी, आन् म्हणं ऊन.

एक आजोबा स्वतःहून गोठ्यात राहायला गेले. सून चुलीजवळनं हाक मारायची, मग आजोबा काठी लांबवून भाकरीचं फडकं ओढून घ्यायचे. त्यांचं बोट ऑक्सिजन मोजायच्या मशीनला लागंना, कामानं इतकं राठ झालेलं. कोमट पाण्यात बुडवून चोळलं, तवा आकडा आला.

•

आमचं अगदीच किरकोळ. जानेवारी २०२२, घरी करायचं २५० रुपयांचं किट, लेकीच्या पट्टीवर दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. सात दिवस खोलीत. ताट दाराबाहेर ठेवायचं आणि मेसेज करायचा. उत्तर यायचं, "आई, पोळी वातड झालीये, गरम दे ना."