सावित्रीबाईंच्या पुतळ्यात मूल मांडीवर की पाठीवर?

शाडूमाती:
उद्यानातल्या नियोजित पुतळ्याबद्दल काल इथे एकानं लिहिलं की सावित्रीबाई तरुण, हसऱ्या आणि मांडीवर बाळ घेतलेल्या दाखवा, कारण ‘आई म्हटलं की मांडीच’. वर असंही, की फायबरमध्ये करून ब्राँझचा रंग मारला तर कुणाला कळणारही नाही. दोन्ही गोष्टी मला साफ अमान्य आहेत.

१८९७च्या प्लेगमध्ये त्या ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर त्यांनी पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या सासाणे मळ्यात मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच आजारानं १० मार्चला त्या गेल्या. यशवंतही दत्तक, एका विधवेचा मुलगा. १८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृह सगळ्यांना ठाऊक आहे. या बाईच्या मांडीवर गुटगुटीत बाळ बसवलं की तिचं सगळं आईपणच पुसलं जातं.

आता घडणीकडे या. पाठीवर ओझं आलं की धड पुढे झुकतं, गुडघे किंचित मोडतात आणि दोघांचा मिळून तोल पावलांच्या आत पडावा लागतो. जागं मूल गळ्याला मिठी मारून स्वतःला धरतं. ग्लानीतलं मूल धरत नाही. त्याचं डोकं खांद्यावरून कलतं, हात लोंबतात, म्हणून बाईला दोन्ही हात मागे नेऊन त्याच्या मांड्यांखाली बोटं गुंफावी लागतात. करुणा दाखवायची जागा तीच, ती गुंफलेली बोटं. संगमरवरात अशा उभ्या आकृतीला पायाशी खोडाचा टेकू द्यावा लागतो, पोकळ ब्राँझ दोन घोट्यांवर उभं राहतं.

कसब्यातला:
इतिहास बरोबर, पुतळा चुकीचा. आपल्याकडे चबुतरा ८ फुटांचा असतो आणि बघणारा समोरून, खालून बघतो. पुढे झुकलेल्या आकृतीची पाठ त्याला दिसणारच नाही. मूल गायब आणि उरली फक्त वाकलेली म्हातारी. मांडीवरचं मूल चालत्या रिक्षातूनही ओळखू येतं. चोल काळातली कृष्णाला पाजणारी यशोदा बघा, १२व्या शतकाच्या सुरुवातीची, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ९०० वर्षं झाली, तिचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. शिवाय मुलाचं पोट आणि बाईची पाठ यांच्या फटीत साचा अडकेल, ते वेगळंच.

गनमेटल:
फटीचं कारण देऊ नका. मूल वेगळं ओतायचं आणि नंतर आर्गॉन वेल्डिंगनं जोडायचं. वेल्डिंगची सळी मात्र त्याच मिश्रधातूची हवी (म्हणजे गनमेटलची: ८५ टक्के तांबं, बाकी कथील, जस्त, शिसं ५-५-५), नाहीतर पॅटिना (रसायनांनी आणलेली रंगाची छटा) चढवल्यावर जोडाची रेघ वेगळ्या रंगात उठून दिसते.

खरा धोका गाभ्यात, म्हणजे पुतळा पोकळ राहावा म्हणून साच्याच्या आत बसवलेल्या भागात असतो. साचा ६००-७०० अंशांवर नीट भाजला नाही, आत ओल राहिली, तर ११०० अंशांच्या वरचा धातूचा रस पडताच वाफ होते आणि पृष्ठभागावर छिद्रंच छिद्रं. गाभा धरणारे लोखंडी खिळे आत विसरले तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ. पुरुषभर उंचीचा, नऊवारीतला, पाठीवर मूल असलेला पुतळा म्हणजे साडेतीन चौरस मीटर पृष्ठभाग धरा. ६ मिलिमीटर जाडीला १८० किलोच्या आसपास धातू. आधी पुतळा मेणात होतो, ते वितळून गेलं की त्याच जागी धातू भरतो; म्हणून त्या मेणाचं वजन करून नऊ-दहानं गुणा, तोच आकडा येतो. चालुक्य राजा सोमेश्वराच्या १२व्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात मेणाच्या आठ-दहापट तांबं सांगितलंय ते उगाच नाही.

बजेट_बघा:
१८० किलो गनमेटल आणि त्यावर मजुरी, हे वॉर्डाच्या निधीत बसतं का ते सांगा. फायबरचा पुतळा चार माणसं उचलतात. रंग उडाला की जयंतीच्या आधी सोनेरी हात मारायचा, झालं. ब्राँझच्या पुतळ्यांनासुद्धा तेच करतात की.

तांबटआळी:
करतात, आणि तिथेच वाट लागते! पापणीची कड जेमतेम मिलिमीटरभर असते. ऑइलपेंटचे चार-पाच थर बसले की पापणी गेली, ओठांची मिटण गेली, बोटांमधल्या फटी भरल्या. ज्या बोटांवर वर एवढी चर्चा चाललीय ती लाडवासारखी दिसतील. रंगाखाली जोडांमध्ये पाणी अडकतं ते आणखी वेगळं.

दुसरा अत्याचार चिंच-मिठाचा. घरच्या तांब्याला ते चालतं, कारण आपण तो लगेच धुऊन पुसतो. पुतळ्याच्या खाचांमध्ये मिठातलं क्लोराइड राहतं, दमट हवेत फिकट हिरवी भुकटी धरते आणि आतून धातू खात जाते. उपाय साधा आहे. सौम्य साबण, भरपूर पाणी, मऊ ब्रश, पूर्ण कोरडं करणं आणि कोमट धातूवर मेणाचा पातळ हात, वर्षातून दोनदा. ओले हार गळ्यात आठवडाभर कुजू द्यायचे नाहीत. आणि चौथऱ्यात पाणी निघायला छिद्र ठेवा. फायबरचं राळ तर उन्हानं भुरभुरतं, त्यावर कितीही रंग मारा.

बजेट_बघा:
मेण वर्षातून दोनदा कोण लावणार? नाव सांगा. निविदेत देखभालीची ओळच नसते. कारागिरीवर व्याख्यानं द्यायला सगळे पुढे येतात.

तांबटआळी:
मग ती ओळ घालून घ्या! निविदा आपल्यासारख्यांच्या करातूनच निघते. ओळ नाही म्हणून ऑइलपेंट फासायचा, हा कुठला न्याय?

शाडूमाती:
मूळ प्रश्न बाजूला पडला. कसब्यातले, ८ फुटांचा चबुतरा कुणी सक्तीचा केलाय? बर्लिनच्या नॉये वाख या स्मारकात जर्मन शिल्पकार कॅथे कोल्विट्झची मृत मुलाला धरलेली आई थेट फरशीवर आहे. कोल्विट्झचा स्वतःचा मुलगा १९१४ साली युद्धात मारला गेला. त्या शिल्पात मुलगा मांडीवर आडवा पसरलेला नाही, तो आईच्या गुडघ्यांमध्ये दुमडून पडलाय. आपलाही पुतळा फूटभर जोत्यावर, पाऊलवाटेला पाठीची तिरकी बाजू देऊन उभा करा. येणाऱ्याला आधी पोराचं लोंबतं पाऊल दिसेल, मग बाई.

कसब्यातला:
कोल्विट्झचं मूळ शिल्प जेमतेम ३८ सेंटीमीटरचं. १९९३ साली ते चौपट मोठं करून तिथे बसवलं. हातात मावणाऱ्या ब्राँझवरचे अंगठ्याचे दाब मोठे केले की नुसते खड्डे होतात. तुम्ही फूटभराचा नमुना करून यंत्रानं वाढवणार असाल तर तुमची ती बोटंही अशीच बोथट होतील.

जोतं खाली आणण्याचं मान्य, तेवढंच. जमिनीलगत असेल तर पाठीवरचं मूल वाचता येईल. पण चेहरा ६६ वर्षांचाच हवा, नाहीतर त्या ओझ्याला अर्थ नाही. हे बोलायला मला आवडत नाही, कारण लोकांना तरुण चेहराच हवा असतो.

गनमेटल:
वाढवायचा नमुना निम्म्या आकाराचा तरी करा आणि हात-चेहरा पूर्ण मापात पुन्हा मातीत घडवा. धातू आकसतो, म्हणून माप दीड-दोन टक्के मोठं धरा. विशेषतः ती बोटं. गुंफलेल्या बोटांच्या आत हवा निघायला वाट ठेवली नाही तर टोकं अर्धीच भरतात.

कसब्यातला:
आणि कठडा हवा. जमिनीलगत आणलंत की मुलाच्या पावलाला येणारा-जाणारा प्रत्येक जण हात लावणार.

शाडूमाती:
लावू द्या. कठडा नको.

तांबटआळी:
हाताच्या घामात मीठ असतं. पॅटिना उडून पाऊल पिवळं होईल. चालेल, पण मग त्या पावलाला महिन्यातून एकदा मेण, आणि तेही निविदेत लिहून घ्या.