मदत हवी आहे : सार्वजनिक क्रीडा व करमणूक केंद्राची जागा कशी ठरवावी?

आमच्या भागात पोहण्याचा तलाव आणि बॅडमिंटन कोर्ट असलेले सार्वजनिक केंद्र होणार आहे. मात्र ते मध्यवस्तीतील जुन्या मैदानावर बांधावे की वस्तीबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर, यावरून रहिवाशांत दोन तट पडले आहेत. बाहेरची जमीन प्रशस्त आहे, परंतु ती सखल असून तेथे जाण्यासाठी वेगवान वाहतुकीचा रुंद रस्ता ओलांडावा लागतो. मी पाहणीसाठी गेले, तेव्हा काठी टेकत निघालेल्या एक आजी दुभाजकावर बराच वेळ ताटकळत उभ्या होत्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मैदानावर इमारत आली तर मुलांची रोजची खेळण्याची जागा जाईल, हेही मला तितकेच खुपते. शिवाय २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल तलावात सुमारे ४.७ लाख लिटर पाणी मावते, त्यामुळे पाणीपुरवठा आणि निचऱ्याची सोय कोठे आहे, हेही तपासावे लागेल.

अशा प्रक्रियेत भाग घेतलेल्यांनी कृपया सांगावे, की दोन्ही जागांची तुलना करण्यासाठी प्रशासनाकडे कोणती कागदपत्रे मागावीत, आणि पायी येणाऱ्यांची अडचण सुनावणीत ठोसपणे कशी मांडावी? हरकती नोंदवण्याची मुदत जवळ आली आहे.